आद्याक्षराचा मोठेपणा

नागरी लिपीचा एक विशेष आपल्या फारसा ध्यानात येत नाही. तिच्यात थोरले अक्षर आणि धाकटे अक्षर असा भेद मुळातच नाही. रोमन लिपीत वाक्याचा आरंभ झाला की मोठे अक्षर येते, माणसाचे नाव आले की पुन्हा मोठे अक्षर येते. आपल्याकडे रामाचा 'रा' आणि रावणाचा 'रा' एकाच मापाचा असतो. अक्षरांच्या या समाजात जन्माने कोणी मोठा नाही. असे असूनही मासिकांच्या, विशेषतः दिवाळी अंकांच्या पानांवर लेखाचे पहिले अक्षर दोन-तीन ओळींच्या उंचीचे, कधी वेलबुट्टीने वेढलेले, कधी रंगीत चौकटीत बसविलेले आपण पाहतो. ही रीत मुख्यतः पाश्चात्त्य मुद्रणकलेकडून आपल्याकडे आली. ती सुंदर आहे की नाही, हा रुचीचा प्रश्न झाला. आम्हांस तिच्यात एक नीतीचा प्रश्नही दिसतो. सर्व अक्षरे सारखी असताना एकालाच मोठे करण्याचा अधिकार कोणता? आणि मोठे केलेल्या त्या अक्षराचे कर्तव्य कोणते?

या रीतीचा उगम युरोपातील हस्तलिखितांत आहे. ज्या काळी ग्रंथांना पृष्ठांक सहसा नसत, शीर्षकांची आजच्यासारखी सोय नसे, त्या काळी दाट लिहिलेल्या पानात नवे प्रकरण कोठे सुरू होते हे वाचकास कळावे म्हणून पहिले अक्षर मोठे काढीत. म्हणजे ती मूळची दाराची खूण होती. दागिना ती पुढे झाली. इ. स. ८०० च्या सुमारास तयार झालेला 'बुक ऑफ केल्स' हा शुभवर्तमानांचा ग्रंथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेला आहे. त्यातील एका पानावर ख्रिस्ताच्या नावाच्या ग्रीक आद्याक्षरांनी जवळजवळ सारी जागा व्यापली आहे, आणि त्यांच्या वळणावळणांत मांजरे, उंदीर, तोंडात मासा धरलेले पाणमांजर अशी प्राणिसृष्टी दडलेली आहे. ते पान भरभर वाचता येत नाही, आणि भरभर वाचण्यासाठी ते काढलेलेही नसावे. ज्यांना मजकूर ठाऊकच होता त्यांनी त्या नावापाशी थांबावे, एवढीच त्याची अपेक्षा दिसते.

आपल्या पोथ्यांची तऱ्हा निराळी. लहिया बोरूने एकसारख्या ओळी लिहीत जाई. आरंभी गणेशाला नमस्कार येई. दंड, श्लोकांक आणि अध्यायसमाप्तीचा मजकूर पुष्कळदा तांबड्या रंगाने उठून दिसे. पहिले अक्षर वाढविण्याची गरज त्याला सहसा वाटली नाही. तिकडील लेखनिकाने आरंभ मोठा केला, इकडील लहियाने आरंभी मान लवविली. येथे काही सुरू होत आहे, सावध व्हा, असे सांगण्याचे हे दोन मार्ग होते.

छापण्याची कला आली तेव्हा एक मौजेची स्थिती उत्पन्न झाली. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गचे ४२ ओळींचे बायबल छापून निघाले, त्यात मोठ्या आद्याक्षरांच्या जागा कोऱ्या सोडलेल्या होत्या; त्या हाताने रंगविणाऱ्या कारागिराने भरावयाच्या. त्या शतकातील अनेक छापील ग्रंथांत अशा कोऱ्या चौकोनात एक चिमुकले अक्षर छापीत. कोणते अक्षर काढावयाचे हे कारागिरास कळावे, एवढाच त्याचा उपयोग. त्यांतील काही प्रती आज पाहिल्या तर तो कारागीर कधी आलाच नाही, असे दिसते. चौकोन रिकामा आहे, आणि मध्ये ते सूचक अक्षर पाचशेहून अधिक वर्षे तसेच उभे आहे. वाचकाचे मात्र काहीही अडले नाही. चिमुकल्या अक्षरावरून त्याने शब्द पुरा केला आणि तो पुढे गेला.

म्हणजे सजविलेले अक्षर आवश्यक नव्हते. येथेच प्रश्न कठीण होतो. जे नसल्याने कोणाचे अडत नाही, ते करण्यात माणसाने आपली बुद्धी, दृष्टी आणि आयुष्याचे तास का घालावेत?

कचेरीत आयुष्य काढणाऱ्यास हा प्रश्न परका नाही. टिपणी नियमांस धरून असली, संदर्भ बिनचूक असले, की प्रकरण पुढे सरकते. तिची भाषा स्वच्छ होती की गढूळ, पुढे ती वाचणाऱ्या माणसाची सोय लिहिणाऱ्याने पाहिली होती की नाही, हे कोणी विचारीत नाही. फाइल कागदावरून संगणकाच्या पडद्यावर गेली, तरी यात फरक पडलेला नाही. नियमाने जेवढे मागितले तेवढे सरकारचे. त्यात आपण न मागता जे घालतो तेवढेच काय ते आपले, असे बारा-तेरा वर्षांच्या नोकरीनंतर आम्हांस वाटू लागले आहे. परंतु हे 'आपले' म्हणून घातलेले कधी सेवा असते आणि कधी नुसती मिरवणूक असते. दोहोंतील भेद ओळखावा कसा? या बाबतीत आद्याक्षर काढणाऱ्याचे काम आपल्यास पुष्कळ शिकवू शकते.

या कलावंताचे स्वातंत्र्य फार थोडे आहे. अक्षर कोणते, हे त्याने ठरवावयाचे नसते. लेखकाच्या पहिल्या शब्दाने ते ठरते. जागा तीन ओळींची, फार तर चार. आकाराशी कितीही खेळले तरी अक्षर ओळखू आले पाहिजे, आणि पुढील अक्षरांशी त्याची फारकत होता कामा नये. या कोंडीतच कल्पनेची परीक्षा होते. अमेरिकेतील जेसिका हिश या अक्षररचनाकर्त्रीने २००९ साली रोज एक आद्याक्षर काढण्याचा नेम धरला, आणि तो चालवून इंग्रजी वर्णमालेची बारा आवर्तने पुरी केली. पुढे २०१२ मध्ये पेंग्विन प्रकाशनाने तिच्या सव्वीस आद्याक्षरांची मुखपृष्ठे असलेली पुस्तकमाला सुरू केली. एकच अक्षर बारा वेळा काढावयाचे म्हटल्यावर काय होत असेल, याची कल्पना करून पाहावी. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत हाताशी असलेली नक्षी संपून जाणार. त्यानंतर नक्षी बाजूस ठेवून अक्षराकडेच पाहणे भाग पडते. त्याचा कणा कोठे आहे, पोट कोठे आहे, कोठे वाकविले तर ते मोडेल, हे तेव्हा कळू लागते.

नागरीत ही कोंडी अधिकच आवळते. 'कै' लिहावा तर मात्रा रेषेच्या वर जातात, 'कु' लिहावा तर उकार खाली उतरतो, आणि 'कि'ची वेलांटी अक्षराच्या आधीच येऊन उभी राहते. 'स्त्री' हा शब्द तर सबंध एकच अक्षर. त्याला मोठे करावे की सोडून द्यावे? संगणकास अक्षर म्हणजे काय हे नीट शिकविलेले नसले, तर तो 'कि'तून नुसता 'क' उचलतो आणि वेलांटीला अनाथ करून ठेवतो. शिवाय रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात, आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात. म्हणून नागरी आद्याक्षर बसविताना पहिली काळजी घ्यावी लागते ती ही, की त्याची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळावी.

आता मिरवणुकीचा प्रश्न. विल्यम मॉरिस याने १८९१ मध्ये इंग्लंडात केल्मस्कॉट मुद्रणालय काढले, आणि १८९६ मध्ये तेथून चॉसरच्या कृतींचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यातील आद्याक्षरे वेलींनी आणि पानांनी गच्च भरलेली आहेत. ती देखणी आहेत यात शंका नाही, परंतु डोळा वेलीत गुंततो आणि चॉसरपर्यंत पोहोचण्यास त्याला वेळ लागतो. त्याच देशात १९०३ ते १९०५ या काळात डव्ह्ज मुद्रणालयाने पाच खंडांत बायबल छापले. त्याच्या आरंभीचा 'आय' एडवर्ड जॉन्स्टन याने काढला. पानाच्या कडेने सरळ खाली उतरलेली ती एक तांबडी उभी रेघ. तिला पान नाही, फूल नाही. ती पाहताच दृष्टी तिच्यावरून मजकुरात उतरते.

यावरून साधे ते नीतिमान आणि नटलेले ते पापी, असा निकाल आम्ही देत नाही. केल्सचे पान मॉरिसहूनही नटलेले आहे. तेथे वाचक थांबतो, परंतु तो थांबतो त्या नावापाशी. काढणाऱ्याच्या कौशल्यापाशी थांबण्याची त्याच्यावर सक्ती नाही. तेव्हा कसोटी नक्षी किती आहे याची नाही. ती नक्षी वाचकास कोणाकडे नेते, ही कसोटी आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. एका अक्षरालाच मोठे करण्याचा अधिकार कोणता? त्या अक्षराच्या अंगी तसा काही गुण नसतो. लेखाच्या पहिल्या शब्दात पहिले येणे, एवढीच त्याची पात्रता. तेच अक्षर पाचव्या ओळीत पुन्हा येते तेव्हा इतरांच्याच मापाचे असते, आणि त्याबद्दल ते तक्रार करीत नाही. मोठेपणा त्या जागेचा असतो, अक्षराचा नसतो. बदलीच्या नोकरीत असलेल्या आमच्या वाचकांस हे अधिक फोडून सांगावयास नको. ज्या खुर्चीमुळे एका गावात आपल्यासाठी दार उघडले जाते, ती खुर्ची मागे राहते आणि आपण बिछाना बांधून दुसऱ्या गावी जातो. तेथे आपण पुन्हा पाचव्या ओळीतले अक्षर असतो. खुर्चीच्या मापाला स्वतःचे माप समजणारा माणूस निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी किती केविलवाणा होतो, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

आणि कर्तव्य कोणते? याचे उत्तर नागरी आद्याक्षराच्या बैठकीतच आहे, असे आम्हांस वाटते. ते कितीही मोठे काढले तरी त्याची शिरोरेषा शेजाऱ्यांच्या शिरोरेषेशी एका पातळीत राहते. त्याची सारी वाढ खालच्या बाजूस होते. ते इतरांच्या डोक्यावरून वर चढत नाही. त्याचे डोके इतरांच्या बरोबरीने असते आणि पाय मात्र तीन ओळी खोल जातात. ते खोल गेल्यामुळे शेजारच्या दोन-तीन ओळी थोड्या सरकून त्याला जागा देतात. ही जागा त्याच्यावरील ऋण आहे. वाचकास आत नेऊन सोडावे, आणि मग त्याने आपल्यास विसरावे, हीच त्या ऋणाची फेड.

विसरले जाणे सर्वांस साधते असे नाही, आणि साधलेच पाहिजे असेही नाही. केल्सच्या कलावंतांची नावे कोणास ठाऊक नाहीत. उलट भारताच्या संविधानाची इंग्रजी प्रत हाताने लिहिणारे प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी मोबदला घेतला नाही. प्रत्येक पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर आपल्या आजोबांचेही नाव असावे, एवढेच त्यांनी मागितले. हे अक्षरवळण त्यांना आजोबांनीच शिकविले होते. हिंदी प्रत लिहिणारे वसंत कृष्ण वैद्य. पाने सजविली नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी. संविधानाचा अर्थ छापील प्रतीतही तोच आहे. या मंडळींनी जे केले ते नसते तरी एकही कलम दुबळे झाले नसते. तरीही एका राष्ट्राने आपल्या आरंभी हे अनावश्यक काम करवून घेतले, यात आम्हांस शहाणपण दिसते. नाव मागणाऱ्या लेखनिकाचे अक्षरही पुढील ओळीच्या आड आले नाही. त्याने आपले नाव गुरूच्या नावाजवळ नेऊन ठेवले. ही आमच्या लहियाचीच मान लवविण्याची रीत झाली.

कोऱ्या चौकोनातील ते चिमुकले अक्षर पुरेसे होते, हे आम्ही मान्य करतो. पुरेसे असते तेवढ्यावर कचेऱ्या चालतात, आणि त्या चालल्याच पाहिजेत. परंतु उद्या एखाद्या परक्या गावात आपल्या मेजावर एखाद्या अनोळखी माणसाचा अर्ज येईल, तेव्हा त्याला नियमापुरते उत्तर द्यावे की त्याला समजेल असे उत्तर द्यावे, हे ठरविण्याची तीन ओळींची जागा आपल्या हाती असेल. ती भरावी. मात्र भरताना आपली शिरोरेषा शेजाऱ्यांच्या रेषेशी जुळते आहे ना, एवढे पाहावे.