पुसणे आणि पुसणे

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांचा लेख आला होता. गुन्ह्याची नोंद हा इतिहास आहे, तो पुसून मागणं हे पाश्चात्त्य थेर आहे आणि आपल्या परंपरेत केलेलं कर्म पुसलं जात नाही, असा त्याचा मथितार्थ. वर्षभर हा लेख चकलीच्या काट्यासारखा माझ्या घशात रुतून बसलाय.

पोलीस ठाण्यातल्या नोंदीला इतिहास म्हणणं म्हणजे वाण्याच्या उधारीच्या वहीला बखर म्हणणं. आणि उधारी फिटली की वाणीसुद्धा त्या पानावर आडवी रेघ मारतो.

आपल्या सरकारला ही रेघ मारता येत नाही. शिक्षा भोगलेल्या प्रौढाची नोंद पुसून देणारा सर्वसाधारण कायदाच आपल्याकडे नाही. ज्या आहेत त्या फटी. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 24 वं कलम अल्पवयीनांच्या दोषसिद्धीची कागदपत्रं नष्ट करायला सांगतं; सोळा वर्षांवरच्या, प्रौढासारखा खटला चाललेल्या मुलाला मात्र ती सवलत नाही. 1958 चा परिवीक्षा कायदा म्हणतो की चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटणार नाही. पण दोष पुसला जात नाही, त्यामुळे नोकरीवरून काढायला हरकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. तिसरी फट उच्च न्यायालयाची: समझोता झाला तर गुन्हाच रद्द करून घ्यायचा. तिथं वकील उभा करायला पैसे लागतात, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे कायदे करणाऱ्यांनी स्वतःपुरती मुदत आखून घेतली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 8 व्या कलमानुसार दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणुकीला उभा राहू शकतो. खासदाराचा डाग सहा वर्षांत फिका पडतो, शिपाईभरतीच्या उमेदवाराचा आयुष्यभर पडत नाही.

माझ्याकडे शिकलेल्या एका मुलावर एकोणिसाव्या वर्षी विसर्जन मिरवणुकीतल्या मारामारीचा गुन्हा दाखल झाला होता. पुढे आपसात मिटलं. नोकरीच्या अर्जात 'आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?' असा रकाना होता. त्याने विचारलं, "सर, काय लिहू?" मी मास्तर, म्हणालो, खरं लिही. त्याने लिहिलं. नोकरी गेली. खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्याचा विचार करून नाकारण्याचा अधिकार मालकाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या अवतार सिंग निकालात मी नंतर वाचलं. त्याआधी 2011 मध्ये न्या. काटजूंच्या पीठाला दिल्ली पोलिसांतल्या अशाच एका उमेदवाराला दिलासा देताना ह्यूगोच्या कादंबरीतला जाँ व्हालजाँ आठवला होता. पावासाठी चोरी केलेला तो माणूस न्यायमूर्तींना आठवला, हे त्या उमेदवाराचं नशीब. सगळेच न्यायाधीश कादंबऱ्या वाचत नाहीत.

आता परंपरा. अधिकारीसाहेबांनी ती काढलीच आहे तर मनूकडेच जाऊ. हे नाव घेताना माझ्या कपाळाला आठी पडते. 1927 साली महाडला मनुस्मृती ज्यांनी जाळली त्यांच्या बाजूचा मी. पण आठव्या अध्यायात मनू म्हणतो की राजाने दंड दिलेला पापी निर्मळ होतो आणि पुण्यवंतासारखा स्वर्गाला जातो. म्हणजे दंड झाला, हिशेब संपला. साहेबांची परंपरा साहेबांच्याच विरुद्ध साक्ष देते! इथेच लेख संपवावा, असा मोह मला झाला होता.

पण मी पुढचं पान उलटलं. नवव्या अध्यायात हाच मनू महापातक्यांच्या कपाळावर डाग द्यायला सांगतो: चोराला कुत्र्याच्या पायाचा, मद्यप्याला दारूच्या गुत्त्याच्या खुणेचा. त्यांच्याबरोबर जेवू नये, सोयरीक करू नये. प्रायश्चित्त घेतलं तर मात्र डाग नाही, नुसता दंड. हे वाचून मी अडखळलो. स्वर्गात प्रवेश आहे, पंगतीत नाही. पाप फिटतं की नाही हा मनूचा प्रश्न नाहीच. डाग कुणाला दिसावा आणि कुणी ताट सरकवून घ्यावं, हा आहे.

म्हणून माझंच मत मला दुरुस्त करावं लागतंय. मी नोंदी जाळायला निघालो होतो. उद्या तसा कायदा झाला, तर रांगेत पहिला कोण असेल? ठेवीदारांना बुडवलेला पतसंस्थेचा संचालक, दोन वकिलांसकट. तो मुलगा रांगेत पोचेपर्यंत खिडकी बंद.

ब्रिटनच्या 1974 च्या कायद्याने वेगळी युक्ती केली. ठरावीक काळ सरळ वागून गेला की शिक्षा 'संपलेली' मानायची. पोलिसांकडे नोंद राहते. पण एरवी कुणी विचारलं तर 'नाही' म्हणायला माणूस मोकळा. लहान मुलांशी संबंधित कामांसारखे अपवाद आहेत, आणि ते असायलाच हवेत. कायद्यानेच खोटं बोलायची मुभा द्यावी, हे माझ्यातल्या मास्तराला झेपत नाही. पण त्या मुलाला माझ्या खरेपणाने काय दिलं?

मराठीत 'पुसणे' म्हणजे मिटवणं आणि 'पुसणे' म्हणजे विचारणंही. आपण पहिल्यावर भांडत बसलो, दुसरं विसरलो. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली स्वतंत्र भारताने ते कायदे पुसले. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा 1959 चा. चोरी झाली की आजही आधी पारध्याच्या पालावर जाऊन पुसलं जातं. गुन्हा न करता ज्यांची नोंद झाली, त्यांनी काय पुसून मागायचं?

3 ऑक्टोबर 2024 ला सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. कैद्याचं नाव वहीत आहे, कलमं आहेत, शिक्षाही आहे. फक्त एक प्रश्न गेला. साहेबांनी काळजी करू नये, इतिहास जागच्या जागी आहे.