वाघिणीची वाट

तसबीर काढावी की काढू नये, हा वाद आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सजीवाचे चित्र काढणे म्हणजे निर्मात्याशी बरोबरी करणे, असे एक मत. कॅमेरा काही निर्माण करीत नाही, पडलेले प्रतिबिंब फक्त धरून ठेवतो, असे दुसरे. उलेमांत आजही यावर एकमत नाही. तरी हजला जायचे तर पासपोर्टासाठी फोटो काढावाच लागतो.

जंगल सफारीला जाणाऱ्यांच्या मनाला हा प्रश्न आता शिवतही नाही. आठवण राहावी म्हणून फोटो काढतो, एवढे उत्तर त्यांना पुरते. तेही खोटे नाही. ‘इन्सान’ या शब्दाचे नाते काही पंडित ‘निस्यान’शी, म्हणजे विसरण्याशी, जोडतात. विसराळू माणसाने आठवणीला आधार शोधला तर त्यात गैर काय? पण तो आधार कोणाला तकलीफ देऊन मिळवला, हे विचारायला हवे.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

ही बातमी वाचून मला अबू दाऊदच्या संग्रहातील एक हदीस आठवली. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले, हिला पिल्लांवरून कोणी दुखावले असे विचारले आणि पिल्ले परत द्यायला सांगितले. कुरआनच्या ‘अल-अन्आम’ सूरेत तर प्राणी-पक्ष्यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. मग उम्मतीला तिचा रस्ता, तिची शांतता यांचा हक नको?

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती खायला जायज आहे का, अशी शंका येऊन ते मामांकडे गेले आणि तिथून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले. त्यांचा प्रश्न हलाल-हरामपाशी थांबला नाही, त्या पाखरापर्यंत गेला. तसबिरीचा आपला प्रश्नही त्या जनावरापर्यंत जायला हवा.

दोष कॅमेऱ्याचा नाही. झाडाला बांधलेले कॅमेरे वाघांचे फोटो घेतात, अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो आणि त्यातून त्यांची गणना होते. ते कॅमेरे कोणाची वाट अडवीत नाहीत. आपण अडवतो.

मीही अडवली आहे. विदर्भातल्या एका जंगलात मी चालकाला म्हणालो होतो, “भाऊ, जरा पुढे घ्या ना!” गाडी पुढे सरकली, फोटो छान आला. वाघ मात्र रस्ता न ओलांडताच बांबूत परत गेला. कदाचित पलीकडे पाणी असेल. दिवाणखान्यातला तो फोटो पाहून पाहुणे ‘माशाअल्लाह’ म्हणतात. त्यात वाघ दिसतो, त्याची अडलेली वाट दिसत नाही. ती फक्त मला आठवते, आणि हिशेब तिचाच द्यावा लागेल असे वाटते.