थांबायलाही रग लागते

कोल्हापुरात धाडसाची व्याख्या तालमीत ठरते: दुखलं तरी हटायचं नाही. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलेल्या या गावात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, की पहिला प्रश्न येतो, 'मैदानात कधी?' माझ्या गुडघ्यात फाटलेल्या लिगामेंटच्या जागी माझ्याच मांडीमागचा टेंडन बसवलाय. मलाही तेच विचारतात.

फिजिओथेरपीत एक विचित्र गोष्ट कळते. दोन-तीन महिन्यांत दुखणं ओसरतं, सूज उतरते, पाय पळायला मागतो. पण नेमकं त्याच सुमारास नवं लिगामेंट फार कच्चं असतं. शरीर त्याची आतून पुनर्बांधणी करत असतं. म्हणून खेळात परतायला साधारण 9 महिने थांबायला सांगतात. म्हणजे 'मला बरं वाटतंय' ही माझी स्वतःची साक्षसुद्धा खोटी ठरू शकते.

मग धाडस कशात आहे? ॲरिस्टॉटलने शौर्याला भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधे जागा दिली. गुडघ्याला दोन्ही बाजू लागू होतात. दुखत असताना तो वाकवावा लागतो, आणि दुखत नसताना उडी टाळावी लागते. पहिल्याचं कौतुक होतं. दुसरं कुणाला दिसतही नाही. रंकाळ्यावर सगळे मला मागं टाकून धावतात आणि मी ठरलेल्या वेगानं चालत राहतो. माझ्या मते जास्त रग त्यालाच लागते.