कळ आणि नळी

१६ जुलै १९४५ची पहाट. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, बॉम्ब चढवलेल्या पोलादी मनोऱ्यापासून सुमारे ९ किलोमीटरवरच्या बंकरमध्ये जोसेफ मॅककिबन हे भौतिकशास्त्रज्ञ यंत्रासमोर बसले होते. रात्री मनोऱ्याखाली पहारा देता देता त्यांचा डोळा लागला होता आणि कुणीतरी बागेच्या नळीने बॉम्बवर पाणी मारतंय, असं स्वप्न पडलं होतं. जाग आली तेव्हा तोंडावर पाऊस येत होता. पुढे पाऊस थांबला. ४५ सेकंद उरली तेव्हा त्यांनी कळ फिरवली. बाकीचं यंत्राने ठरल्या क्षणी केलं, आणि जगातला पहिला अणुस्फोट झाला.

कळ मोठी आज्ञाधारक. पलीकडे काय आहे याची ती चौकशी करत नाही.

काही वर्षांनी, १९५०च्या दशकात, मॅककिबन यांच्या मुलीला पोलिओ झाला. हातांतलं बळ गेलं. बोटं होती, पण चिमटीत काही धरता येईना. आता हव्या त्या क्षणी हवं ते घडवणाऱ्या माणसापुढे लेकीचा अंगठा होता. त्याला मोटार लावायची, तर ती जड आणि ताठ. ठरवलं तेवढं ती ओढणारच, मध्ये लाकूड असो की हाड.

मॅककिबन यांनी रबराची नळी घेतली आणि तिच्यावर न ताणणाऱ्या धाग्यांची तिरकी वीण चढवली. कांद्याची जाळीची पिशवी ठासून भरली की रुंद होते आणि उंचीला आखडते, तसंच इथे होतं. नळीत वायू सोडला की ती फुगते, आखूड होते आणि टोकाला बांधलेलं बोट ओढलं जातं. समोरून विरोध झाला तर ती थोडी ऐकतेही. अशी कल्पना आणखी काहींना सुचली होती, पण नाव चिकटलं ते ‘मॅककिबन स्नायू’ हेच.

इथे प्रायश्चित्ताची गोष्ट रचायचा मोह होतो. तो आवरावा. बापाला लेकीची बोटं हलायला हवी होती, तेवढं कारण पुरेसं आहे.

पण मऊपणाची किंमत असते. रबर आणि वीण एकमेकांवर घासतात, त्यामुळे तोच दाब भरताना एक लांबी देतो आणि सोडताना दुसरी. गणिताला हा लहरीपणा सोसवेना. इंजिनिअर बहुतांशी मोटारींकडेच राहिले; मोटार सांगितलेलं ऐकते ना!

हा गुंता अलीकडे सुटू लागला तो स्नायूला ताठ करून नव्हे. त्याला स्पर्श दिला गेला. सिलिकॉनच्या पट्टीत द्रवरूप धातूच्या बारीक वाहिन्या भरतात. पट्टी ताणली की वाहिनी लांब आणि अरुंद होते, विजेला होणारा रोध वाढतो, आणि स्नायू किती ताणला ते कळतं. दाब एवढा, ताण एवढा, बोट एवढं वळलं, अशा ढीगभर नोंदी संगणकापुढे ठेवतात. नेमकं सूत्र हाती नसलं तरी त्या नोंदींवरून तो पुढच्या हालचालीचा अंदाज बांधायला शिकतो. मशीन लर्निंग इथे येतं. मऊ नळी पुन्हा दुबळ्या बोटांपर्यंतही पोचली आहे: हार्वर्डमध्ये कॉनर वॉल्श यांच्या गटाने बोटांतली शक्ती गेलेल्यांसाठी मऊ हातमोजा बनवला. त्यात बोटांच्या पाठीवर रबरी नळ्या आहेत. पाण्याचा दाब वाढला की त्या वळतात आणि बोटांना मिटायला मदत करतात. नळी वेगळी, पण रबराला धाग्यांनी वळण लावायची युक्ती तीच.

रोबोटिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं आहे. लांबट फुगा, वायरींवर चढवतात ती विणलेली जाळी आणि सायकलचा पंप एवढ्यावर हा स्नायू घरी होतो. जरूर करून पाहा. फक्त त्याला वजन उचलायला लावण्याआधी पंप हळू मारत त्यात स्वतःचं बोट अडकवून बघा.