कचेरींतील कागद : हक्क कीं उपकार?

खेड्यांत काम करणाऱ्या एका प्रचारकबंधूंनीं आम्हांस असें विचारिलें आहे कीं, एखाद्या गरीब मनुष्याला तालुक्याच्या कचेरींतून आपल्या जमिनीच्या कागदाची नकल पाहिजे असेल, आणि कारकून ‘आज देतों, उद्यां देतों’ म्हणून त्याला फिरवीत असेल, तर कारकुनाच्या हातावर थोडेसे पैसे ठेवून काम करून घेण्यास हरकत आहे काय? ते पुढें लिहितात कीं, हे पैसे कोणाचें नुकसान करण्यासाठीं नव्हेत, खोटी नोंद करून घेण्यासाठींही नव्हेत; जें आपलेंच आहे तें लवकर हातीं यावें एवढाच हेतु. शिवाय नकल मिळाल्यावर कारकुनाचे उपकार मानणें हें सौजन्यच नव्हे काय?

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या पोटांत मोठा प्रश्न आहे, आणि तो हा कीं, जी वस्तु आपल्या हक्काची आहे ती कोणी आपणांस उपकार म्हणून देऊं लागला तर ती तशी घ्यावी काय? आमचें मत असें आहे कीं, घेऊं नये. तें कां, हें थोडें विस्तारानें सांगावें लागेल.

आमच्या बहुतेक वाचकांच्या तालुक्याचें गांव एकाच साच्याचें असतें. आठवड्याचा बाजार, एस. टी. चा थांबा, चहाचीं चारदोन दुकानें, आणि तहसील कचेरी. हाकेच्या अंतरावर भूमिअभिलेखाची कचेरी, दस्तऐवज नोंदविणाऱ्या दुय्यम निबंधकाची कचेरी आणि पंचायत समिति. या कचेऱ्यांच्या कपाटांत तालुक्यांतील प्रत्येक घराण्याचा हिशेब ठेविलेला असतो असें म्हटलें तरी चालेल. कोणाची जमीन किती, ती कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या गांवच्या विहिरीवर किती रुपये खर्ची पडले, हें सर्व तेथें आहे. जुने कागद मोडींत लिहिलेले, कापडी रुमालांत बांधलेले, कांहींना वाळवी लागलेली, नवे संगणकांत. सातबाऱ्याचा उतारा आतां घरबसल्या पाहतां येतो, व डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, हें खरें. परंतु सातबारा हा आज कोणाचें नांव आहे एवढेंच सांगतो. तें नांव कसें लागलें व पूर्वींचें कसें गेलें, तें फेरफाराच्या नोंदवहींत असतें. आणि जुना फेरफार पाहावयाचा म्हणजे पुष्कळदां अजून कचेरीची पायरी चढावीच लागते.

समजा, एका बाईचा नवरा मृत्युपत्र न करितां वारला. पदरीं दोन लहान मुलें. दिरांनीं तलाठ्याकडे वर्दी दिली, वारस म्हणून स्वतःचीं नांवें सांगितलीं, फेरफार पडला, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले. बाईला अक्षर येत नाहीं. चावडीवर लाविलेल्या कागदाकडे तिनें पाहिलेंही नसेल. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मागें मुलें असतील तर विधवेस एक तृतीयांश व मुलांस बाकीचा वांटा मिळतो. म्हणजे दिरांस कांहींच नाहीं. परंतु कायदा पुस्तकांत राहिला आणि जमीन दिरांच्या नांवावर गेली. दहा वर्षांनीं मुलगा मोठा झाला, त्यानें सातबारा पाहिला, आणि आई कचेरीच्या दारीं आली. आतां तिच्या सर्व संसाराचा आधार त्या नोंदवहींतील चार ओळी आहेत. त्या पाहिल्यावांचून तिला अपील करितां येत नाहीं, वकिलाला कांहीं सांगतां येत नाहीं, आपल्यावर अन्याय झाला हें सिद्धही करितां येत नाहीं. ज्यानें ते चार ओळींचे पान अडविलें त्यानें तिची जमीनच अडविली.

ज्या घराण्यांची जमीन मूळची वतनी होती, त्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मुंबई राज्यानें १९५८ सालीं गांवकामगारांचीं कनिष्ठ वतनें रद्द करण्याचा कायदा केला, आणि त्या जमिनी पुढें नव्या शर्तीनें वतनदारांस परत देण्यांत आल्या. अशी जमीन सरकारच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. तरीही ती दुसऱ्याच्या नांवावर दिसते, आणि कशी गेली हें घरांतील कोणास ठाऊक नसतें. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांस हा अनुभव आहे, म्हणून एवढेंच लिहून पुढें जातों.

आतां मूळ प्रश्न. कारकून हा दप्तराचा धनी नव्हे, राखणदार आहे. शेजाऱ्यापाशीं आपण दागिना ठेवावयास दिला, आणि मागतांच त्यानें तो परत केला, तर आपण त्याचे आभार मानतों. त्यानें दागिना दान दिला असें म्हणत नाहीं. आभार हे शिष्टाचाराचे आहेत. त्यांत कोणी कोणाचा ऋणी होत नाहीं. उपकार हे ऋण आहे. जो उपकार मानतो तो पुढच्या वेळीं मान खालीं घालून येतो. आणि नोंदींत चूक दिसली तरी ज्याचे उपकार घेतले त्याला ‘हें चुकलें आहे’ असें म्हणण्यास त्याची जीभ रेटत नाहीं. आपल्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या गांवच्या वेशीबाहेर राहून जें आपलें होतें तेंच जोहार घालून मागितलें. ती संवय अंगांतून गेली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कचेरींत गेल्यावर पायांतील वहाणा दाराबाहेर काढणारे वृद्ध आम्ही पाहिले आहेत, आणि तेथें तशी कोणाची आज्ञा नव्हती.

पैशांचें म्हणाल तर, बंधु म्हणतात त्याप्रमाणें कोणाचें नुकसान होत नाहीं हें खरें नाहीं. नुकसान होतें, तें समोर दिसत नाहीं एवढेंच. ज्यानें पन्नास रुपये दिले त्याचा अर्ज वर आला. मग ज्याच्यापाशीं पन्नास रुपये नाहींत त्याचा खालीं गेला. ज्या वस्तूला भाव नव्हता तिला आपण भाव ठरवून दिला, आणि आपल्यामागून येणाऱ्या विधवेनें तो भाव द्यावा अशी व्यवस्था करून घरीं आलों. देणारा मनुष्य वाईट असतो असें नव्हे. तो थकलेला असतो, मजुरी बुडवून तिसऱ्यांदां आलेला असतो. त्याला दोष देण्यास आमचें मन होत नाहीं. परंतु जो प्रचारक त्याच्याबरोबर जातो, ज्याला लिहितां वाचतां येतें, त्यानें तरी पैशांचा मार्ग दाखवूं नये. शिवाय २०१८ सालीं भ्रष्टाचारविरोधी कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून लांच देणाराही गुन्हेगार धरिला जातो. जबरीनें द्यावी लागली व सात दिवसांच्या आंत ती गोष्ट पोलिसांस किंवा तपासी खात्यास कळविली, तरच सुटका आहे.

कोणी म्हणतील, हक्क मागणें हें नम्र मनुष्यास शोभत नाहीं. त्यांनीं एज्राच्या पुस्तकाचे पांचवा व सहावा अध्याय काढून पाहावे. यरुशलेमांत मंदिर बांधणाऱ्या वडील मंडळींस अधिकाऱ्यानें विचारिलें कीं, तुम्हांस परवानगी कोणी दिली? त्यांनीं हात जोडले नाहींत, नजराणाही पुढें केला नाहीं. कोरेश राजाचा हुकूम झाला आहे, असें त्यांनीं सांगितलें, आणि तो दप्तरांत शोधून पाहावा असें अधिकाऱ्यानेंच राजास लिहिलें. दारयावेश राजानें शोध करविला, कागद सांपडला, आणि काम पुढें चाललें. यिर्मयानें अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुप्यास घेतलें तेव्हां साक्षीदारांसमक्ष खरेदीखताच्या दोन प्रती करविल्या, एक मोहोरबंद व एक उघडी, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या भांड्यांत ठेवविल्या. उघडी प्रत कशासाठीं? कोणासही पाहतां यावी म्हणून. नम्रता ही स्वतःचा मोठेपणा न मिरविण्यांत आहे. दुसऱ्याचें पोट अवलंबून असलेला कागद मागण्यास भिणें याला निराळें नांव आहे.

आपल्या देशांत ही गोष्ट मोठ्या विद्वानांनीं नव्हे, तर मजुरांनीं शिकविली. राजस्थानांत दुष्काळी कामांवर राबणाऱ्या लोकांस ठरलेल्या मजुरीहून कमी पैसे मिळत. कां, असें विचारिलें तर तुमचें काम कमी भरलें असें उत्तर येई. हजेरीपट दाखवा म्हटलें तर तो सरकारी गुप्त कागद आहे असें सांगत. १९९० सालीं स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ति संघटनेनें हे हजेरीपट मिळवून भर गांवांत मोठ्यानें वाचावयास आरंभ केला. अशी पहिली सभा डिसेंबर १९९४ मध्यें कोट किराना या गांवीं भरली. नांवें वाचूं लागतांच मेलेल्या माणसांनीं मजुरी घेतल्याचें व कधीं न झालेलीं बांधकामें पुरीं झाल्याचें उघडकीस येई. एप्रिल १९९६ पासून ब्यावर या लहान शहरीं लोक चाळीस दिवस रस्त्यावर धरणें धरून बसले. त्यांची मागणी जमिनीची नव्हती, पगारवाढीचीही नव्हती. कागद पाहूं द्या आणि नकल द्या, एवढीच होती. तिचेंच फळ म्हणजे १२ ऑक्टोबर २००५ पासून देशांत चालू झालेला माहितीच्या अधिकाराचा कायदा होय.

या कायद्यांतील दोनतीन गोष्टी खेड्यांतील माणसांनीं तोंडपाठ ठेवण्यासारख्या आहेत. माहिती कशाला पाहिजे हें सांगण्याचें बंधन नाहीं. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें तोंडीं सांगावें, आणि माहिती अधिकाऱ्यानें तें लिहून घेण्यास साह्य करावें, असें कायद्यांतच लिहिलें आहे. सामान्यतः तीस दिवसांच्या आंत उत्तर मिळालें पाहिजे. न मिळाल्यास त्याच कचेरींतील वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, आणि तेथेंही न भागल्यास राज्य माहिती आयोगाकडे. महाराष्ट्रांत अर्जाची फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तीही माफ. अर्ज एकाच विषयाचा व दीडशें शब्दांच्या आंत असावा असा २०१२ पासूनचा नियम आहे. दीडशें शब्द पुष्कळ झाले. आमच्या प्रचारकांस संक्षेपाची संवय नाहीं, तेव्हां हा नियम त्यांस हितकरच होईल!

परंतु हक्क आहे म्हणून तो कसाही चालवावा असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं लोकांनीं या अर्जांचा धंदा केला आहे. अर्ज करावयाचा, अधिकाऱ्यास भिवावयाचें, आणि पैसे घेऊन अर्ज गुंडाळून ठेवावयाचा. ही लांचच आहे, फक्त बाजू बदललेली. तसेंच शेजाऱ्याशीं भांडण झालें म्हणून त्याच्या घरच्या गोष्टी कचेरींतून उकरून काढणें हेंही योग्य नाहीं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयींच्या कायद्यानें या बाबतींत नियम अधिक आखडते केले आहेत. गांवच्या विहिरीचा खर्च हा सर्वांचा कागद आहे, शेजारणीच्या दुखण्याचा कागद सर्वांचा नव्हे. आणि कारकूनही मनुष्यच आहे. तीन माणसांचें काम एकटा करणारा, पावसाळ्यांत गळणाऱ्या खोलींत रुमाल हलवीत बसणारा कारकून आपण पुष्कळ पाहतों. त्याच्याशीं गोड बोलावें, त्याला शोधावयास वेळ द्यावा. मात्र कागद हरवला असें तो म्हणाला तर तें लेखी मागावें.

या वाटेवर भय नाहीं असें सांगणें खोटें होईल. पुणें जिल्ह्यांतील तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी हे जमिनींचे व्यवहार माहितीच्या अधिकारानें उघडे करीत असत. १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं फिरावयास निघाले असतां त्यांचा खून झाला. म्हणून आमचें सांगणें असें कीं, कोणत्याही विधवेस किंवा तरुणास अशा कामीं एकट्यानें पाठवूं नये. मंडळींतील चार माणसांनीं बरोबर जावें, अर्जावर दोघातिघांच्या सह्या न घालतां दोघातिघांनीं निरनिराळे अर्ज करावे, आणि नकल आली म्हणजे ती चौघांदेखत वाचावी. अनेकांच्या हातीं असलेला कागद दडपून टाकण्यासाठीं एकाला मारून भागत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी पाळकवर्गास विशेष लागू आहे. आपणही दप्तर राखणारे आहों. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, पुरलेल्यांची वही आपल्याच कपाटांत असते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यांत असें सांगितलें आहे कीं, ज्याच्या ताब्यांत विवाहाची नोंदवही आहे त्यानें योग्य वेळीं ती पाहूं द्यावी व ठरलेली फी घेऊन नकल द्यावी. वर सांगितलेल्या बाईला आपण त्या मृत मनुष्याची लग्नाची बायको होतों हें सिद्ध करावें लागेल, तेव्हां ती तहसील कचेरीच्या आधीं आपल्याच दारीं येईल. वर्गणी थकली आहे, किंवा तिचा दीर पंचांपैकीं आहे, अशा कारणांनीं तिला परत लावणाऱ्या पाळकास तालुक्याच्या कारकुनाविरुद्ध बोलण्यास तोंड उरणार नाहीं. येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक मंडळीनें आपल्या वह्या बाहेर काढाव्या, वाळवी लागली असेल तीं पानें उतरून घ्यावीं, आणि कपाटाची किल्ली कोणापाशीं आहे हें सर्वांस माहीत असूं द्यावें.