समता : मनातली आणि पंगतीतली



आपण दीक्षा घेतली, देव्हारे उतरवले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आता ध्यान शिकायला आचार्याकडे जायचे म्हणजे गुरुबाजीला मागच्या दाराने पुन्हा घरात घेणे नव्हे काय? हा प्रश्न तुमच्याप्रमाणे माझ्याही मनात होता. तो घेऊनच मी कन्नडचा घाट उतरलो आणि चाळीसगावहून रेल्वेने इगतपुरी गाठली.

तेथील धम्मगिरीत १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यना शिकवतात. गोएंकाजी १९२४ साली ब्रह्मदेशात जन्मले, ऊ बा खिन या गृहस्थ सरकारी अधिकाऱ्याकडून विद्या शिकले आणि १९६९ साली ती घेऊन भारतात आले. २०१३ साली ते वारले. मी त्यांना प्रत्यक्ष पाहिले नाही. मुद्रित प्रवचनांतून शिकलो. पहाटे चारला घंटा, नऊ दिवस मौन. आधी नुसता श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. मंत्र नाही, गंडादोरा नाही, फी नाही. शेवटी इच्छेनुसार दान.

आचार्यांच्या तोंडी एक शब्द वारंवार येई : समता. मी दचकलो. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते समतेसाठी. आचार्य मात्र सांगत, सुखद संवेदनेने हुरळू नका, दुःखद संवेदनेने चिडू नका. मग अपमानही मुकाट गिळायचा काय? गुडघे दुखत होतेच, पण हा प्रश्न अधिक टोचत होता.

उत्तर मिळाले ते शिबिरात नव्हे, शाळेत. दुपारच्या खिचडीला आपल्या वस्तीतली पोरे वेगळ्या पंगतीत बसवलेली दिसली. पूर्वी मी ओरडलो असतो. गावात चर्चा माझ्या ओरडण्याची झाली असती आणि पंगत तशीच राहिली असती. त्या दिवशीही कानशिले तापली. ती तापताना मी पाहिली, चार श्वास घेतले. मग सर्व पोरांना हजेरीच्या क्रमाने बसवले, मधोमध स्वतः ताट घेऊन बसलो, आणि घडले ते तारीख घालून लेखी दिले. "गुरुजी, जाऊ द्या हो," असे पुष्कळांनी सांगितले. माझा आवाज चढला नाही. अर्जही मी मागे घेतला नाही.

तेव्हा समजले की मनातली समता ही पंगतीतल्या समतेची वैरीण नव्हे. रागाने थरथरणाऱ्या हाताला अर्ज नीट लिहिता येत नाही. पण जो केवळ मनातल्या समतेवर समाधान मानून वेगळ्या पंगतीकडे डोळे मिटतो, त्याचे ध्यान ही पळवाट होय.

म्हणून आचार्याला वाटाड्या माना, तारणहार मानू नका. केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनीच कालामांना बजावले होते. ज्या अष्टांगमार्गाची आपण प्रतिज्ञा घेतली, त्यात सम्यक स्मृती व सम्यक समाधीही आहेत. आपल्याच तालुक्यात पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू राहत, साधना करीत. ही विद्या आपल्याला परकी नाही.

आज वंदनेनंतर मुलाबाळांसह दहा मिनिटे श्वास पाहत बसा. उठल्यावर स्वतःला एवढेच विचारा : माझा हात स्थिर झाला काय, आणि तो कोणाच्या मदतीला गेला?

जय भीम!