हात मागे घेताना

बसा. घाई नसेल अशी वेळ निवडा. ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत ती मिळणं कठीण, पण रविवारी दुपारी चारच्या सुमारास मिळून जाते. डोळे मिटायची गरज नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि थोडा वेळ त्यांच्याकडेच बघा. सकाळपासून या हातांनी काय काय केलं ते आठवा. दुधाची पिशवी कापली, गॅस पेटवला, शर्टाची बटणं लावली, रिक्षावाल्याला सुटे पैसे मोजून दिले. यातलं काहीही तुम्ही विचार करून केलं नाही. हातांना येतं, म्हणून झालं. ते कुणी शिकवलं, कधी शिकवलं, हेही आता आठवत नसेल.

त्यातलं एकच काम घ्या आणि त्याच्याजवळ थांबा: एक कप कॉफी करणं. भांडं घेतलं. किती दूध? कपाच्या आत एक खूण असेल तर तिथपर्यंत. खूण नसेल तर अंदाजाने. आता हा अंदाज बाजूला ठेवून बघा. तो नसेलच, तर काय करायचं? मग कपावर रंगीत पट्टी चिकटवावी लागते. कॉफीचा चमचा सपाट भरायचा की शिगोशीग, हे चित्र काढून दाखवावं लागतं. दूध वर येईपर्यंत नजर भांड्यावर ठेवायची, मध्येच कुणी हाक मारली तरी ठेवायची, हे वेगळं शिकवावं लागतं. गॅस बंद करणं ही वेगळी पायरी. कान न पकडता भांडं सांडशीने उचलणं ही आणखी वेगळी. आपल्या दृष्टीने जे एक काम, त्याच्या वीस-पंचवीस पायऱ्या निघतात, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकाला त्यातली प्रत्येक पायरी दिसावी लागते.

या पायऱ्या शिकवायची जी रीत आहे तिच्याजवळ आपण जास्त वेळ थांबू, कारण मला जे सांगायचं आहे ते तिथेच आहे. सुरुवातीला शिक्षिका मुलाच्या हातावर आपला हात ठेवते आणि दोघं मिळून चमचा भरतात. असे कितीतरी दिवस जातात. मग ती हात सोडते आणि फक्त मनगटाला स्पर्श करते. पुढे स्पर्शही थांबतो; ती डब्याकडे बोट दाखवते. त्यानंतर बोट खाली, नुसती नजर. शेवटी ती एक पाऊल मागे सरते आणि काहीच करत नाही. हे काहीच न करणं सगळ्यात अवघड. समोरचा हात अडखळतो, चमचा हवेत थांबतो आणि शिकवणाऱ्याचा हात आपोआप पुढे जाऊ पाहतो. तो आवरायचा. त्या तीन-चार सेकंदांत समोरचा माणूस स्वतः आठवतो, स्वतः ठरवतो.

मदत लवकर मागे घेतली तर तो गोंधळतो, उशिरा घेतली तर कायमचा तिच्यावर टेकतो. नेमकी वेळ ओळखणं ही या पेशातली खरी विद्या आहे. तिला आपल्या समाजात मिळायला हवा तेवढा मान अजून मिळालेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता आणखी एक हात डोळ्यांसमोर आणा. तो आईचा किंवा बाबांचा आहे. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत शाळा असते. ठाण्यात महापालिकेची जिद्द शाळा आहे, डोंबिवलीत 'अस्तित्व' आहे. सकाळी गाडी येते, डबा भरला जातो, गणवेशाला इस्त्री होते. त्यानंतर काही जणांना कार्यशाळेत जागा मिळते. बाकीचे घरी. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खालचा रस्ता बघणारा पंचविशीतला मुलगा तुमच्याही सोसायटीत असेल. आईचा हात त्याच्या हातावर आहे आणि तो मागे कधी घ्यायचा, कुणाच्या भरवशावर घ्यायचा, याचं उत्तर तिच्यापाशी नाही. पालकांच्या कुठल्याही बैठकीला जा, चहा यायच्या आत तोच प्रश्न निघतो: आमच्यानंतर काय? डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेने 'घरकुल' उभं केलं ते याच प्रश्नापोटी. मतिमंद मुलामुलींचं हे कायमचं घर पालकांनी एकत्र येऊन उभारलं.

पण राहायला घर मिळालं तरी दिवस उरतोच. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात माणसाने कुठे असावं?

कार्यशाळांनी याचं एक उत्तर कधीच दिलेलं आहे. पणत्या रंगवणं, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पाकिटं, उटणं. दिवाळीच्या आधी आपण त्यांच्या स्टॉलवरून दोन पाकिटं उचलतो आणि ते चांगलंच आहे. इथे जरा थांबून एवढंच बघा, की पणती आपल्या घरी येते आणि ती रंगवणारा माणूस आपल्याला भेटत नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाईची एवढी गर्दी लोटते, नवे कपडे, ओळखीपाळखी, फोटो. त्या गर्दीतले चेहरे आठवा. पणत्या रंगवणाऱ्यांपैकी त्यात कोण असतं?

अशी माणसं काम करतात त्या कॉफीच्या दुकानात मात्र करणारा आणि घेणारा समोरासमोर येतात. म्हणून मला या दुकानांचं मोल वेगळं वाटतं. जुहूला सुषमा नगरकर यांच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने 2015 मध्ये डब्यांपासून सुरुवात केली आणि 2018 मध्ये 'कॅफे अर्पण' उघडलं. स्वमग्न, डाउन सिंड्रोम असलेली, बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं तिथे स्वयंपाकघरात आणि टेबलांपाशी काम करतात. पवईला 2015 मध्ये सुरू झालेल्या 'मिर्ची अँड माइम'मध्ये वाढणारे कर्णबधिर होते. मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे त्याची खूण छापलेली असे, आणि गिऱ्हाइकाने हाताने खूण करून जेवण मागवायचं. अलीना आलम यांनी 2017 मध्ये हुबळीला सुरू केलेला 'मिट्टी कॅफे' 10 नोव्हेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात पोचला. उद्घाटन केलं तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी. टोकियोत निहोनबाशी भागात 2021 पासून एक कॅफे चालतो. तिथे अंथरुणाला खिळलेली माणसं घरूनच छोट्या रोबोंमार्फत गिऱ्हाइकांशी बोलतात, कॉफी नेऊन देतात. हात हलत नाही, तरी कामावरची हजेरी लागते.

हजेरी या गोष्टीवर थोडा वेळ मन ठेवा. पगार महत्त्वाचा आहेच, त्याबद्दल दुमत नको. पण कामाला जाणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट मिळते, जी घरी बसलेल्याला कुणी देऊ शकत नाही. तो एक दिवस आला नाही तर कुणीतरी विचारतं, आज का नाही आला? आई-वडील सोडून इतर कुणीतरी आपली वाट बघतंय, आपल्यावाचून त्यांचं अडतंय, हे कळणं. आजवर तुमची अशी वाट कुणी पाहिली, त्यांचे चेहरे आठवा. सावकाश आठवा, घाई नाही.

आता त्या दुकानात जाऊन बसा. मनातल्या मनात. टेबलापाशी एक तिशीचा माणूस येतो. एप्रन, हातात वही. तो तुमच्याकडे बघतो, वहीकडे बघतो, आणि विचारायचं वाक्य जुळवतो. ते जुळायला वेळ लागतो. तुमच्या ओठांवर उत्तर तयार आहे, त्याचं वाक्यही तुम्हीच पुरं करणार आहात. थांबा. त्याला त्याचं वाक्य पुरं करू द्या. मग तो कॉफी आणतो, बशीत थोडी सांडलेली. तुमचा हात ट्रेकडे जातो. मांडीवर असू द्या. बिल देताना तो नोटा मोजतो, चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मागे रांग असली तरीही हात मांडीवरच असू द्या. शिक्षिकेने महिनोन्‌महिने खपून आपला हात मागे घेतला तो या क्षणासाठी, आणि इथून पुढचं तिच्या हातात राहिलेलं नाही. शिकवण्याची शेवटची पायरी अनोळखी माणूस असतो. म्हणजे तुम्ही.

मदत मागितली तर करावी, हे सांगायला नको. आणि कॉफी गार असेल तर तसं सांगावं, दुसरी मागवावी. पदरी पडेल ते गोड मानून घेतलं आणि बाहेर येऊन डोळे पुसले, तर आपण त्याला कामगार मानलंच नाही. त्याला 'बाळा' म्हणू नये, विचारल्याशिवाय त्याच्याबरोबर फोटो काढू नये. तिशीच्या अनोळखी वेटरशी तुम्ही एरवी ज्या अदबीने बोलता, तेवढी पुरे.

असं काम मिळवून देण्यात कायदा फार तर इथवर आणून सोडतो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आधीच्या, 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव, आणि त्यातला एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. खासगी मालकांवर अशी सक्ती नाही. त्यामुळे खिडकीत बसलेल्या त्या मुलासाठी गावातलं एखादं दुकान हीच खरी शक्यता उरते.

आणि गाव म्हणजे त्याचं स्वतःचं गाव. डोंबिवलीहून जुहूला जायचं तर आधी दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, उतरून पुन्हा रिक्षा. दिव्यांगांचा राखीव डबा आहे, तो फलाटावर कुठे येईल हे सांगणारा टीट-टीट आवाजही स्टेशनात चालू असतो. पुढच्या वेळी कानावर पडला तर दोन क्षण ऐका; एरवी गोंगाटात तो आपल्याला ऐकूच येत नाही. पण सकाळी आठ-वाजून-काही-मिनिटांच्या गर्दीत त्या डब्यात शिरणं धडधाकट माणसाचीही परीक्षा बघतं. आवाज सहन न होणाऱ्या स्वमग्न तरुणाला रोज हा प्रवास करायला लावून त्याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. पायी किंवा एका रिक्षात पोचता येईल असं काम त्याला हवं, ओळखीच्या रस्त्यावर, जिथे फुलवाला आणि वाणी त्याला नावाने हाक मारतात.

म्हणून शेवटी एक दुकान डोळ्यांसमोर आणू. फडके रोडवर किंवा त्याच्या एखाद्या गल्लीत, ठाण्यात राम मारुती रोडच्या आसपास, कल्याणात खडकपाड्याला. गाळा तळमजल्यावरचा, उंबऱ्याच्या जागी उतार. संडासाचं दार चाकांची खुर्ची आत जाईल इतकं रुंद. मिक्सर आतल्या खोलीत, म्हणजे त्याची घरघर बाहेर येणार नाही. भिंतीवर कॉफीच्या पायऱ्यांची चित्रं. पाळी चार तासांची, कारण आठ तास सगळ्यांना झेपत नाहीत. पहिली दोन वर्षं एक विशेष शिक्षक कायम हजर, पूर्ण पगारावर. फिल्टर कॉफी चांगलीच हवी, कारण डोंबिवलीत ती घरोघरी पिणारी तमिळ आणि कन्नड कुटुंबं पुष्कळ आहेत आणि ती फसवली जाणार नाहीत.

शिकवणारे या गावांत आहेत. शिकलेली मुलंमुली आहेत. पालक तर सकाळी सहाला येऊन झाडलोट करायला तयार होतील. अडतं ते गाळ्याच्या भाड्यापाशी. बाजारभावाने ते अशा दुकानाला पहिली काही वर्षं तरी परवडणार नाही. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना बंद शटरचे गाळे आहेत, त्यांचे मालक आपल्याच ओळखीपाळखीतले, कुणी सोसायटीतले, कुणी नात्यातले. यातल्या एखाद्याला, भाडं थोडं कमी करून पाच वर्षांचा करार कराल का, असं विचारता येईल. कुणाला विचारायचं, ते नाव आता मनात आणा.